वतनाचा करीना, नकाराचा करीना : मराठी पूर्वजकथनाच्या दोन वाटा

मराठी समीक्षेत कुलकथन आणि दलित आत्मकथन हे दोन विषय सहसा शेजारी ठेवले जात नाहीत. वंशावळी, कैफियती, करीने, कुलवृत्तांत ही इतिहाससंशोधकांची मिरास मानली जाते. 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०), 'अक्करमाशी' (१९८४) या कृती आत्मचरित्राच्या दालनात ठेवल्या जातात. ही विभागणी केवळ सोयीची नाही. तिच्यामागे एक गृहीत आहे. ज्यांच्या घरी कागद आहेत त्यांना पूर्वज आहेत, आणि ज्यांच्या घरी कागद नाहीत त्यांना फक्त वर्तमान आहे, असे ते गृहीत होय. म्हणूनच दलित आत्मकथनांची चर्चा अनुभवाची दाहकता, भाषेचे वेगळेपण, सामाजिक दस्तऐवज म्हणून असलेले मोल अशा अंगांनी पुष्कळ झाली. परंतु पूर्वजांविषयीचे लेखन म्हणून त्यांचा विचार क्वचितच झाला. वस्तुतः या आत्मकथनांचे नाते मराठीतील कुलकथनाच्या सर्वांत जुन्या प्रकाराशी, म्हणजे करीन्याशी, फार निकटचे आहे. ते नाते उलट्या दिशेने जाते, त्यामुळे ते चटकन नजरेत भरत नाही.

करीना म्हणजे हकीकत. पण कोणतीही हकीकत नव्हे. देशमुखी, पाटीलकी, कुलकर्ण यांसारख्या वतनाविषयी तंटा उभा राहिला की वादी आणि प्रतिवादी गोतसभेपुढे आपापल्या घराण्याचा वृत्तांत मांडत. मूळ पुरुष कोण, त्याने वतन कसे संपादिले, कोणत्या पिढीत कोणी ते बळकावले, दुष्काळात वा परचक्रात घर कसे उठले, पुन्हा कोणी वसविले, हे सारे त्यात येई. निवाडा झाला की महजर होई आणि त्यावर उपस्थितांच्या साक्षी पडत. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील ग्रंथात या कागदांची कायदेशीर बाजू उलगडून दाखविली. पुढे सुमित गुहा यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात या सभांमधूनच पश्चिम भारतातील ऐतिहासिक कथनाची एक रीत घडत गेल्याचे प्रतिपादन केले. वाङ्मयाच्या अभ्यासकाला या कागदांत तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटाव्यात. पहिली, येथे पूर्वजांचे स्मरण निर्हेतुक नाही. ते एका मागणीच्या पोटी जन्मते. दुसरी, कथनकर्ता एकवचनी असला तरी तो 'आमचे वडील' असे म्हणत अनेक पिढ्यांच्या वतीने बोलतो. तिसरी, कथन ऐकणारा सुरुवातीपासून ठरलेला असतो. तो शेजारी आहे, भाऊबंद आहे, गावचा बलुतेदार आहे. त्याला यातले बरेचसे आधीच ठाऊक आहे आणि खोटे सांगितले तर तो उठून बोलू शकतो.

या सभेत महारही असे. गावाच्या शिवेचा तंटा असला तर महाराची साक्ष विशेष वजनाची मानली जाई; महजरावर पाटलाचा नांगर उमटे तसे बलुतेदारांच्या अवजारांचेही निशाण उमटे. म्हणजे दुसऱ्यांच्या कुलवृत्तांताचा खरेखोटेपणा ठरविण्यात ज्याची स्मृती उपयोगाला येत होती, त्याच्या स्वतःच्या घरची हकीकत विचारण्याचा प्रसंग मात्र फारसा येत नव्हता. हा साक्षीदार पुढे वादी कसा झाला, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. तत्पूर्वी करीन्याची रीत तिच्या परमोच्च स्वरूपात कशी दिसते ते पाहणे उचित ठरेल. त्यासाठी महाराष्ट्राबाहेर, तंजावरास जावे लागते.

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारभिंतींवर देवनागरी लिपीत कोरलेला अतिदीर्घ मराठी शिलालेख १८०३ सालचा आहे. दुसऱ्या सरफोजीच्या आज्ञेने बाबुराव चिटणीसांनी त्याचा मजकूर सिद्ध केला. 'भोसले वंशचरित्र' या नावाने तो परिचित आहे. भोसले कुळाच्या पूर्वजांपासून शहाजी, एकोजी यांच्या मार्गाने थेट सरफोजीपर्यंत पोहोचणारी ही हकीकत सामान्यतः तंजावरच्या मराठ्यांच्या सांस्कृतिक अभिमानाचे प्रतीक म्हणून गौरविली जाते. पण तिच्या आगेमागेची साले ध्यानात घेतली म्हणजे या अभिमानाखालची अस्वस्थता दिसू लागते. सरफोजी हा दुसऱ्या तुळजाजीचा औरस पुत्र नव्हे. भोसले कुळाच्याच अन्य शाखेतून १७८७ मध्ये तो दत्तक घेण्यात आला आणि त्याच वर्षी तुळजाजीचा मृत्यू झाला. गादीवर बसला तो तुळजाजीचा सावत्र भाऊ अमरसिंग. दत्तकविधान शास्त्रशुद्ध आहे की नाही याविषयी पंडितांची मते घेतली गेली. ती आधी प्रतिकूल पडली, नंतर अनुकूल. १७९८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या पाठबळाने सरफोजीला गादी मिळाली आणि १७९९च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. शिलालेख त्यानंतर चार वर्षांनी पुरा झाला.

म्हणजे वंशाच्या अखंडतेची ही सर्वांत भव्य मराठी नोंद ज्याच्या पुत्रत्वाविषयी वाद झाला होता अशा राजाने, आणि वंशाबरोबर जे यावयाचे ते राज्य हातून गेल्यावर, करवून घेतली. करीन्यातील सर्व अंगे येथे हजर आहेत. मूळ पुरुष आहेत, पराक्रम आहे, भाऊबंदकी आहे, कायदेशीर वारसाचे प्रतिपादन आहे. गोतसभा मात्र नाही. चोळांच्या मंदिरात, तमिळ भाविकांच्या वर्दळीत, देवनागरीतील ही मराठी हकीकत कोणाला उद्देशून होती? कंपनीच्या अधिकाऱ्यांना ती वाचता येणे दुरापास्त होते. तंजावरातील मराठी दरबारी मंडळींना ती ठाऊकच होती. ज्या पुणे-साताऱ्याच्या भाऊबंदांना ती ऐकवावी, ते दूर होते. पाषाण हे येथे कागदाच्या जागी आलेले साधन आहे, पण त्याचबरोबर ते अनुपस्थित श्रोत्याच्या जागीही आले आहे. सभा नाही म्हणून भिंत, असा हा प्रकार आहे. शिलालेखाच्या भाषेत एक प्रकारचा सपाट निश्चय जाणवतो तो यामुळेच. मध्येच कोणी उठून हरकत घेईल ही भीती तिथे नाही, आणि त्या भीतीतून करीन्याला येणारी चपळाईही नाही.

पुढची कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. सरफोजीचा पुत्र शिवाजी १८५५ मध्ये पुत्रावाचून वारला आणि संस्थान खालसा झाले. त्याची राणी कामाक्षीबाई हिने मालमत्तेसाठी दावा केला. प्रकरण इंग्लंडच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १८५९ मध्ये, ही राज्यसत्तेची कृती असून तिच्यात हात घालण्याचा न्यायालयाला अधिकार नाही, असा निर्णय झाला. भिंतीवर कोरलेला पुरावा साठ वर्षेही कामी आला नाही. वंशचरित्राच्या मजकुरात ज्या स्त्रिया बहुधा कोणाची तरी पत्नी अथवा माता म्हणून येतात, त्यांच्यापैकीच एकीला घराण्याची शेवटची बाजू मांडावी लागली, हा योगायोग मात्र नजरेआड करण्याजोगा नाही.

तंजावरचा लेख हे टोकाचे उदाहरण झाले. पण नोंदीच्या परंपरेचा जो गुण त्यात मोठ्या आकारात दिसतो, तो तिच्या साध्या रूपांतही आढळतो. हरिद्वारच्या पंड्यांच्या किंवा नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या घ्या. यात्रेकरू स्वतः येऊन गाव, कुळ, वाडवडिलांची आणि मुलाबाळांची नावे लिहवून घेतो; पुढच्या पिढीचा कोणी आला की त्याला मागच्या पिढीचे हस्ताक्षर दाखविले जाते. या वह्यांचे सामर्थ्य किती, हे ब. न. गोस्वामी यांनी १९६८ साली 'मार्ग'मध्ये पहाडी चित्रकलेवर जो लेख लिहिला त्यावरून कळते. हरिद्वारच्या नोंदींच्या आधारे त्यांनी गुलेरच्या पंडित सेऊ, माणकू आणि नैनसुख यांच्या घराण्याचे सांधे जुळविले आणि शैली राजदरबारांच्या नावाने न ओळखता चित्रकार-कुटुंबांच्या नावाने ओळखावी, असे सुचविले. अनाम समजल्या गेलेल्या कारागिरांना एका यात्रेच्या नोंदीने पूर्वज मिळाले. दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटक या पट्ट्यात हेळवी हेच काम तोंडी आणि वहीनेही करीत आले. बैलावर बसून सुगीनंतर तो दारी येतो, घराण्याच्या पिढ्या वाचून वा म्हणून दाखवितो आणि धान्य घेऊन पुढच्या गावी जातो. ज्या घरांशी त्याचा वंशपरंपरागत संबंध, त्याच घरांच्या पिढ्या त्याच्यापाशी असतात. पूर्वज ऐकण्यासाठी दारात धान्य असावे लागते, ही साधी गोष्ट नोंदपरंपरेच्या अभ्यासात फारशी अधोरेखित झालेली नाही.

अशा नोंदींतील स्मृती लांब असते, पण अरुंद असते. ती दहा-बारा पिढ्या मागे जाते ती एकाच रेषेने जाते. विसाव्या शतकात छापून निघालेल्या कुलवृत्तांतांतही हीच रेषा कायम राहिली. संपादकांची चिकाटी थक्क करणारी आहे; गावोगाव पत्रे पाठवून त्यांनी नावे मिळविली, स्थलांतरांचे मार्ग लावले, कुलदैवते आणि गोत्रे तपासली. तथापि वंशवृक्षाच्या आकृतीत मुलीच्या नावाला फांदी फुटत नाही. ती अमक्या घरी दिली एवढी नोंद मजकुरात मिळाली तरी नशीब. ज्या शाखेत पुत्र झाला नाही ती 'निर्वंश' या एका शब्दाने संपते, मग त्या घरात चार मुली नांदत्या का असेनात.

या तुलनेत श्राद्ध-तर्पणाची स्मृती आखूड, पण रुंद आहे. ती पित्याकडच्या तीन पिढ्यांपलीकडे नावाने जात नाही. परंतु तेवढ्या अंतरात ती मातेकडच्याही तीन पिढ्या घेते, गुरू घेते, आप्त आणि सेवक घेते, आणि ज्यांना पाणी द्यायला कोणीच उरले नाही अशांसाठीही एक ओंजळ सोडते. भाद्रपदात अविधवा नवमीला तर केवळ सवाष्ण गेलेल्या स्त्रियांचे स्मरण होते. हा विधीही मर्यादित आहेच. तो कोणी करावा आणि कोणासाठी पुरोहित मिळावा, यावर जातीचे आणि लिंगाचे निर्बंध आहेत. तरीही एक भेद उरतो. वंशावळ हक्कासाठी आठवते, म्हणून तिला हक्काची रेषा सोडता येत नाही. तर्पण ऋणासाठी आठवते, म्हणून ते आजूबाजूला पसरू शकते.

वंशाच्या रेषेवर इतकी भिस्त ठेवण्यातील धोका भारतीय कादंबरीने ओळखला होता. एस. एल. भैरप्पा यांच्या 'वंशवृक्ष' (१९६५) या कन्नड कादंबरीतील श्रीनिवास श्रोत्री हा कुळाच्या पावित्र्याचा मूर्तिमंत रक्षक आहे. विधवा सून पुनर्विवाह करते तेव्हा नातू मात्र श्रोत्रियांच्याच घरी राहतो, कारण तो वंशाचा आहे. उत्तरार्धात श्रोत्रींना जुन्या कागदांतून उमगते की आपले पिते अपत्यजननास असमर्थ होते आणि भावाच्या हाती मालमत्ता जाऊ नये म्हणून त्यांनी दुसऱ्याकरवी पत्नीच्या पोटी संतती घडवून आणली होती. ज्या वृक्षाच्या रक्षणात आयुष्य गेले, त्याच्या मुळाशीच आपण त्या कुळाचे नाही हे सत्य निघाले. उमा कुलकर्णी यांच्या अनुवादामुळे ही कादंबरी मराठी वाचकाला आपलीशी झाली आहे. मराठीतील चर्चा बहुधा सनातन आणि आधुनिक मूल्यांच्या द्वंद्वावर स्थिरावली. पण कागदाची भूमिका तेथे तितकीच निर्णायक आहे. वंश टिकविणारा कागद आणि वंश मोडणारा कागद एकाच घरात मिळतो.

'बलुतं'कडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. या शीर्षकाचा अर्थ नेहमी सांगितला जातो: गावकीच्या कामाबद्दल मिळणारा धान्याचा वाटा. परंतु बलुते हे वतनाचे अंग आहे, आणि महारकी हेही वतनच होते, ही बाब वाङ्मयीन चर्चेत मागे पडते. महार समाजात परंपरेने सांगितली जाणारी, बेदरच्या बादशहाकडून मिळालेल्या बावन्न हक्कांची कथा म्हणजे अगदी करीन्याच्या साच्यातली मूळपुरुषाची कथा आहे. निष्ठा आहे, अग्निपरीक्षा आहे, राजाकडून सनद आहे. फरक एवढाच की देशमुखाच्या वतनातून सत्ता आली आणि या वतनातून रात्रंदिवसाची बांधिलकी आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनविषयक कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे हीच जाणीव होती. पुढे १९५८च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. दया पवारांचे पुस्तक त्यानंतर वीस वर्षांनी येते. वतन कागदोपत्री गेलेले आहे, पण ते अंगावर राहिलेले आहे.

करीना सांगणारा म्हणतो : हे वतन वडिलार्जित आहे, ते आमच्याकडे राहो. 'बलुतं'चे संपूर्ण कथन म्हणते : हे वडिलार्जित आहे, आणि ते आमच्याकडून जावो. पूर्वजांपासून आलेल्या वस्तूचा दाखला द्यावयाचा तो ती सोडण्यासाठी, हा कुलकथनाच्या इतिहासातील लहान बदल नव्हे. त्याचा परिणाम रचनेवरही होतो. करीन्यात पूर्वजांची कर्तबगारी निवडून सांगितली जाते, कारण त्यातून हक्क सिद्ध होतो. 'बलुतं'मध्ये कावाखान्यातील दारिद्र्य, गोदीत राबणारे वडील, त्यांचे व्यसन, आईचे कष्ट, नातेवाइकांचे लबाड व्यवहार हे सारे सारख्याच निर्भीडपणे येते. वडिलांचा बचाव करण्याची गरजच कथनकर्त्याला राहिलेली नाही. काही दलित वाचकांना हे उघडे करणे रुचले नव्हते. त्या नाराजीकडे केवळ संकोच म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. घराण्याची बाजू सभेत मांडताना घरातले दोष सांगू नयेत, हा करीन्याचाच जुना संकेत त्या नाराजीत बोलत होता.

'बलुतं'ची निवेदनयोजनाही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. समीक्षेने याला दुभंगलेल्या अस्मितेची खूण मानले; ते बरोबरच आहे. पण याच युक्तीने कथनाला एक श्रोताही मिळतो. ज्याची हकीकत गावसभेत विचारली गेली नाही, त्याला ती ऐकवण्यासाठी स्वतःच्याच आत एक सभा भरवावी लागते. दया पवार हे नाव पुस्तकांच्या, कवितांच्या, शहरी वाचकांच्या जगातले. दगडू हे नाव गावाने दिलेले. वादी आणि पंच एकाच देहात बसलेले आहेत. तंजावरात श्रोत्याच्या जागी भिंत आली होती. येथे श्रोत्याच्या जागी शिकलेला मुलगा आला आहे, आणि तो भिंतीसारखा मुका नाही. तो शरमतो, ऐकणे टाळू पाहतो, शेवटी ऐकतो. करीन्याची जी चपळाई शिलालेखाने गमावली, ती या पुस्तकाला परत मिळाली आहे.

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त प्रश्न आणखी मूलगामी होतो. बारा मासे म्हणजे एक तोळा. अकरा माशांचे ते उणे, हीणकस. सोनाराच्या तराजूतला शब्द माणसाच्या जन्माला लावला गेला आहे. आई महार, बाप सवर्ण पाटील, आणि शाळेच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाचा रकाना. पंड्याच्या वहीपुढे जाण्याची मुभा ज्याला नव्हती, त्याच्यापुढे आधुनिक राज्यसंस्थेने एक नवी वही ठेवली, आणि तिचा पहिला प्रश्न जुन्या वहीचाच होता. तथापि या पुस्तकाचे खरे मोल बापाच्या शोधात नाही. मुलाला वाढविणारी आजी संतामाय आणि तिच्यासोबत राहणारा दादा, महमूद दस्तगीर जमादार, ही दोन माणसे पुस्तकाचा कणा आहेत. दादाचे त्या मुलाशी रक्ताचे नाते नाही, जातीचे नाही, धर्माचेही नाही. वंशावळीच्या कोणत्याही आकृतीत त्याला जागा मिळणार नाही. तरी स्मरण होते ते त्याचे. येथे आखूड आणि रुंद स्मृतीचे सर्वांत निखळ मराठी उदाहरण मिळते. ती दोन पिढ्यांपलीकडे मागे जात नाही. पण त्या दोन पिढ्यांत ज्याने घास भरविला त्या प्रत्येकाला ती पूर्वज मानते. बाप हा कायद्याचा पूर्वज, दादा हा सांभाळाचा पूर्वज, असा भेद लेखकाने कोठेही सिद्धान्तरूपाने मांडलेला नाही. प्रसंगांच्या मांडणीतच तो झाला आहे.

स्त्रियांच्या लेखनात या रुंदपणाची वाट आणखी आधीपासून दिसते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४-३६) आरंभी माहेरच्या घरात शिरतात. १८५७च्या धामधुमीनंतर आईच्या वडिलांना झालेली फाशी आणि त्या धक्क्याने वडिलांना जडलेले सोवळ्याचे वेड येथून कथेला सुरुवात होते. कुलवृत्तांतात या आजोबांना गोखले घराण्याच्या शाखेवर स्थान नाही, आणि लक्ष्मीबाईंना स्वतःलाही लग्नानंतर नाही. ज्या घटनेने घराचे वातावरण एका पिढीपुरते बदलून टाकले, ती दोन कुळांच्या मधल्या भेगेत पडते. मुलीच्या आठवणीनेच ती वर येते. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' तर शीर्षकातच एकवचन नाकारते. त्यांनी आपल्या एका घराण्याच्या पिढ्या सांगितल्या नाहीत. वीरगावच्या महारवाड्यातील आया, आज्या, सासुरवासात पिचलेल्या मुली यांच्या पिढ्या सांगितल्या. हे लेखन त्यांनी अनेक वर्षे पतीपासून लपवून ठेवले होते, असे त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितले. करीन्याला सभा हवी असते. या करीन्याला घरातच श्रोता नव्हता. ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (२००३) आई विणीत असलेल्या टोपल्यांना लेखनाशी जोडले गेले आहे. वारशात मिळाले ते जमिनीचा तुकडा नव्हे, हातांची सवय, हे त्या जोडणीत सूचित होते.

तौलनिक चर्चेत दलित आत्मकथनांची सांगड कृष्णवर्णीय अमेरिकन लेखनाशी वारंवार घातली जाते. पूर्वजांच्या प्रश्नावर मात्र ही सांगड सैल पडते, आणि ती का सैल पडते ते पाहणे उपयुक्त आहे. ॲलेक्स हेली यांच्या 'रूट्स' (१९७६) या ग्रंथाची प्रेरणा हरवलेला मूळ पुरुष शोधण्याची आहे. गांबियातील जुफुरे गावी एका वंशकथनकाराच्या तोंडून हेलींना कुंटा किंटेचे नाव ऐकू येते आणि सात पिढ्यांची साखळी जुळते. पुढे संशोधकांनी त्या साक्षीच्या विश्वसनीयतेविषयी गंभीर शंका उपस्थित केल्या. पण त्यामुळे ग्रंथामागची भूक खोटी ठरत नाही. गुलामगिरीने नावे पुसली होती, म्हणून नाव सापडणे हेच मुक्तीसारखे होते. मराठी दलित आत्मकथनांत अशी शोधयात्रा जवळजवळ नाही. याचे कारण उदासीनता नव्हे. जातीने पूर्वज पुसले नाहीत. तिने ते नको तितके लक्षात ठेवले. गावात शिरणाऱ्या मुलाला 'तू कोणाचा?' असे विचारले जाते तेव्हा विचारणाऱ्याला उत्तर बहुधा ठाऊक असते. आजा कोणते काम करीत होता, घर गावकुसाच्या कोणत्या बाजूला होते, हे गाव विसरत नाही. गुलामाच्या वंशजाला स्मृती मिळवावी लागते. येथे दुसऱ्यांच्या हाती असलेली आपली स्मृती काढून घ्यावी लागते. 'बलुतं'मधला नकार आणि 'रूट्स'मधला शोध यांना एकाच 'अस्मितेचा शोध' या शब्दप्रयोगात कोंबले की दोहोंचीही धार जाते.

याच संदर्भात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिल्या गेलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एकीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. श्राद्धपक्ष व पिंडदान करणार नाही, अशी ती प्रतिज्ञा आहे. पूर्वजस्मरणाची विधिरूप वाट त्या दिवशी जाणीवपूर्वक बंद करण्यात आली. वतनाची वाट कायद्याने बंद होण्याच्या मार्गावर होतीच. दोन्ही वाटा बंद झाल्यानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या पिढीत ही आत्मकथने लिहिली गेली. एकातून दुसरे सरळ निपजले असे म्हणणे धाडसाचे होईल, आणि भटक्या समाजांतील 'उपरा'सारख्या लेखनाला हे तसेच्या तसे लागूही पडत नाही. पण मृत आईबापांविषयी बोलण्याची गरज विधी सोडल्याने नाहीशी होत नाही, आणि ती गद्याकडे वळली असावी, हे अनुमान तपासून पाहण्यासारखे आहे. नरेंद्र जाधव यांचे 'आमचा बाप आन् आम्ही' (१९९३) त्याला पुष्टी देते. मुलाच्या आग्रहावरून वडिलांनी आयुष्याच्या उत्तरार्धात स्वतःच्या आठवणी लिहून काढल्या आणि पुस्तकात बापाचा आवाज मुलांच्या आवाजांशेजारी उभा राहिला. पिंड देण्याऐवजी बापाला बोलायला जागा दिली गेली. शीर्षकातील 'आम्ही' हे करीन्यातल्या 'आमचे वडील' या रीतीचे दूरचे भावंड आहे. फक्त येथे वडील निवाड्यासाठी पुढे केलेला पुरावा म्हणून येत नाहीत. ते स्वतः साक्ष देतात, थट्टा करतात, मुलांना दटावतात.

अलीकडे तेलुगू प्रदेशातील दलित कुटुंबांच्या तीन-तीन पिढ्यांचे वृत्तांत थेट इंग्रजीत लिहिले गेले आहेत. वाय. बी. सत्यनारायण यांचे 'माय फादर बालय्या' (२०११) आणि सुजाता गिडला यांचे 'अँट्स अमंग एलिफंट्स' (२०१७) ही ठळक नावे. त्यांत रेल्वेची नोकरी, ख्रिस्ती शाळा, डावी चळवळ यांतून घराणे कसे सरकत गेले हे विस्ताराने येते आणि कुलवृत्तांताची कालानुक्रमी बैठक त्यांनी मराठी लेखकांपेक्षा अधिक मोकळेपणाने स्वीकारली आहे. कदाचित श्रोता दूरचा असल्यामुळे तसे झाले असेल. जो काहीच जाणत नाही त्याला आरंभापासून सांगावे लागते. 'बलुतं'चा वाचक मात्र मराठी होता. त्याला महारवाडा कोणत्या दिशेला असतो ते ठाऊक होते, बलुते म्हणजे काय तेही ठाऊक होते, आणि त्याच्या आज्या-पणज्याच्या महजरावर कदाचित दगडूच्या पणज्याचे निशाणही होते. त्या वाचकाने या पुस्तकाला अनुभवाचा दस्तऐवज म्हटले आणि पुरस्कारही दिले. महजर मात्र अजून झालेला नाही.